वेताळाचा पहिला अंक कोणता?

मार्च 1964 मध्ये बेनेट कोलमन कंपनीने, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनी, मुंबईत इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक काढला. किंमत 60 पैसे. आत वेताळाची गोष्ट होती, त्याच्या बापाच्या खुन्याने पळवलेल्या कमरपट्ट्याची. अंक पहिला असला तरी गोष्ट पहिली नव्हती. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा फँटम, म्हणजेच आपला वेताळ, 17 फेब्रुवारी 1936 पासून वर्तमानपत्रांत रोज चालू होता. इंद्रजाल सुरू झाले तेव्हा त्याला 28 वर्षे होऊन गेली होती आणि चित्रकाराची लेखणी रे मूरकडून विल्सन मकॉयकडे, मकॉयकडून साय बॅरीकडे गेली होती. एका लांबलचक कथेच्या ऐन मध्यावर दार उघडून आपल्या वाचकाला आत घेतले गेले, आणि पुढची 26 वर्षे तसेच मधल्या कुठल्या तरी दारातून घेतले जात राहिले. तरीही त्या पिढीतला वाचक गोंधळला नाही. वेताळ कुठून वाचायला सुरुवात करायची, हा प्रश्न कोणाला पडल्याचे दिसत नाही. आज एक्स-मेनसारखी अमेरिकन महानायकांच्या चमूची मालिका हातात घेणाऱ्या तरुण वाचकाचा मात्र पहिला प्रश्न तोच असतो. हा फरक वाचकाच्या बुद्धीतला मुळीच नाही. गोष्ट कशी बांधली जाते आणि कुठल्या दुकानातून विकली जाते, यातून तो आलेला आहे, आणि इंद्रजालचा इतिहास नीट पाहिला तर ते स्पष्ट दिसते.

आधी इंद्रजालमध्ये काय काय होते ते पाहू. पहिले 32 अंक एकट्या वेताळाचे. त्यानंतर त्याच नावाखाली, त्याच क्रमांकाच्या माळेत, जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप कर्बी, बझ सॉयर, केरी ड्रेक, माइक नोमॅड असे अमेरिकन पट्ट्यांतले नायक आले. डिसेंबर 1976 मध्ये आबिद सुरतींनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला बहादूर आला. डाकू भैरवसिंगाचा हा मुलगा विशाल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढतो आणि पुढे नागरिकांचे सुरक्षा दल उभे करतो. आपल्या मातीतला तो या रांगेतला पहिला नायक. मासिक म्हणून सुरू झालेले प्रकाशन पाक्षिक झाले, शेवटी साप्ताहिक झाले, आणि 1990 मध्ये बंद पडेपर्यंत आठशेहून अधिक अंक निघाले. म्हणजे क्रमांकाची माळ एक आणि मणी डझनभर जातींचे. पन्नासाव्या अंकानंतर एक्कावन्नावा घेतला म्हणून मागची गोष्ट पुढे सरकेल याची काहीच खात्री नाही. तो मँड्रेकचाही निघू शकतो. त्यात ऐंशीच्या दशकात सलग क्रमांक सोडून खंड आणि त्या वर्षातला अंक अशी नवी पद्धत आली. आणि 123 व 124 या क्रमांकांचे अंक तर संपामुळे निघालेच नाहीत.

एकेका मण्याच्या आतही क्रम सरळ नव्हता. फॉक एकाच वेळी दोन गोष्टी चालवी. सोमवार ते शनिवार तीन-चार चौकटींची काळी-पांढरी दैनिक पट्टी, आणि मे 1939 पासून रविवारची मोठी रंगीत पट्टी. दोहोंचे कथानक वेगळे. दैनिक पट्टीची पहिली चौकट बहुधा कालच्या प्रसंगाची आठवण करून देण्यात जाई, कारण कालचा पेपर वाचकाने पाहिला असेलच असे नाही. मुंबईतल्या संपादकांना या पट्ट्यांतून ठरावीक पानांचे पुस्तक करायचे होते. आठवणीच्या चौकटी काढल्या, उरलेल्या पानावर नव्याने मांडल्या, रंग भरले, संवाद मराठी, हिंदी आणि इतर भाषांत लिहून घेतले. गोष्ट पानांत मावली नाही तर आणखी चौकटी गाळल्या, फारच लांब असली तर दोन अंकांत तोडली. दैनिकाची गोष्ट आधी की रविवारची, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातली आधी की सातव्या दशकातली, याचे बंधन त्यांनी मानले नाही. शिवाय नावे बदलली. वेताळाच्या बापाचा खुनी मुळात रामा, तो इथे रामालू झाला. सिंग नावाचे चाचे सिंगा झाले, वेताळाचा देश डेंकाली झाला. रामाला खुनी म्हणणे किंवा सिंगांना दर्यावर्दी लुटारू म्हणणे इथल्या घरांत चालले नसते, हे संपादकांनी ओळखले. ही माणसे केवळ परदेशी माल पुड्यांत बांधत नव्हती. त्या वेळी टाइम्सच्या पुस्तक विभागात काम करणारे आणि इंद्रजालच्या उभारणीत वाटा असलेले अनंत पै यांनी पुढे 1967 मध्ये बाहेर पडून अमर चित्र कथा सुरू केली, यावरूनही त्या टेबलावर किती विचार चालत असेल याचा अंदाज येतो.

एवढी मोडतोड होऊनही वाचक वाट चुकला नाही, याचे पहिले कारण फॉकच्या बांधणीत आहे. सोळाव्या शतकात चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण किनाऱ्याला लागतो, बापाला मारणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, आणि त्याच्यानंतर दर पिढीतला मुलगा तोच मुखवटा, तोच पोशाख, तीच कवटीची अंगठी घेतो. जंगलातल्या लोकांना वाटते की हा एकच अमर पुरुष आहे. वाचकाला माहीत असते की हा 21वा आहे. ही सगळी हकीकत फॉक पुन्हा पुन्हा, दोन-तीन चौकटींत सांगतो. सलग वाचणाऱ्याला ती पुनरुक्ती वाटेल. सुटा अंक वाचणाऱ्यासाठी तो उंबरा आहे. एका चौकटीत कवटी आणि शपथ, दुसरीत पिढ्यांची रांग, तिसरीत गुहेतले सिंहासन, आणि चौथ्या चौकटीपासून आजची गोष्ट सुरू. घरात पहिल्यांदा येणारा माणूसही तेवढ्यात आत येऊन बसतो.

दुसरे कारण आपल्या बाजूचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. फँटम या शब्दाला मराठीत भूत, पिशाच्च, छाया असे शब्द चालले असते. निवडला गेला वेताळ. कोकणात वेताळ हा भुतांचा राजा तर आहेच, पण तो गावाचा राखणदारही आहे. आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण देव रात्री गावाच्या शिवेवर फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. रात्री फिरणारा, दुष्टांना धडकी भरवणारा, आपल्या माणसांना सांभाळणारा, पिढ्यान् पिढ्या तोच असणारा पुरुष मराठी मनाला ओळखीचा होता. तो कधी जन्मला आणि आधी काय घडले हे राखणदाराबाबत कोणी विचारत नाही. आणि वेताळाच्या गोष्टी कशा ऐकायच्या हेही आपल्याला शिकवावे लागले नव्हते. वेताळ पंचविशीत राजा विक्रम झाडावरून प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी कोडे घालतो, राजा मौन मोडतो, वेताळ परत झाडावर. चौकट तीच, आतली गोष्ट नवी आणि पूर्ण. सतरावी आधी ऐकली म्हणून नववीचे काही बिघडत नाही. 1952 मध्ये मराठीत सुरू झालेल्या चांदोबाने तर या चौकटीत पंचवीसच काय, कैक दशके पुरतील इतक्या गोष्टी बसवल्या, आणि दर महिन्याला विक्रम नव्याने झाडाकडे चालत गेला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार किंवा काळा पहाड यांची कितवी कथा आधी वाचावी, अशी कोष्टके करत त्यांचा वाचक बसला नाही. पूर्ण गोष्ट आणि परत परत येणारी चौकट ही आपल्याकडची जुनी, पक्की रीत होती. इंद्रजाल त्या रीतीत अलगद बसले.

तिसरे कारण बाजाराचे. पनवेलपासून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे नेरे गाव नकाशावर पाहावे. मुंबईत छापलेले पुस्तक इथल्या मुलापर्यंत पोचायचे तर आधी ते पनवेलला यायचे. इंद्रजालच्या काळात पनवेलला मुंबईची लोकल नव्हती, ती 1998 मध्ये आली. साठच्या दशकात दिव्याहून रेल्वे आली होती, बाकी भिस्त रस्त्यावर. अंक यायचा तो एसटी स्टँडवरच्या किंवा स्टेशनातल्या पेपरवाल्याकडे, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर. अशा व्यवस्थेत गावातल्या वाचकाला दर अंक मिळेल हे गृहीतच धरता येत नाही. घरचे कोणी तालुक्याला गेले तर एखादा यायचा, मध्ये चार चुकायचे. मग रद्दीवाला, दिवसाला काही पैसे घेऊन पुस्तके भाड्याने देणारा वाचनालयवाला, आणि मित्राशी अदलाबदल. दोन पिनांनी टाचलेला तो पातळ अंक दहा हातांतून फिरला की आधी मधले पान सुटायचे, मग मुखपृष्ठ. मुखपृष्ठाबरोबर क्रमांकही जायचा. अशा बिनकव्हरच्या, बिनक्रमांकाच्या अंकातही गोष्ट सुरू होऊन संपत होती, म्हणूनच ती दहाव्या हातापर्यंत टिकली. ज्या वाचकाला मागचा अंक मिळण्याची शाश्वती नाही, त्याच्यासाठी लिहिताना लेखकाला दर वेळी दार उघडे ठेवावेच लागते.

आता एक्स-मेनकडे वळू. सप्टेंबर 1963 च्या तारखेने, म्हणजे इंद्रजालच्या सहाच महिने आधी, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ही मालिका सुरू केली. जन्मजात वेगळ्या शक्ती असलेल्या, म्हणून समाजाने झिडकारलेल्या तरुणांचा हा चमू. 66 अंकांनंतर नव्या गोष्टी थांबल्या, 67 ते 93 हे अंक जुन्याच गोष्टींची पुनर्मुद्रणे होते. 1975 मध्ये नवा चमू आला, आणि त्यानंतर 16 वर्षे क्रिस क्लेरमाँट या एकाच लेखकाने धागा हातात ठेवला. सुरुवातीला तेही पेपरच्या दुकानातच विकले जात होते, आणि संभाषणात पात्रांची नावे, शक्ती, मागची भांडणे परत परत सांगितली जात. प्रत्येक अंक कोणाचा तरी पहिलाच अंक असतो, हा एक्स-मेनची प्रकाशक असलेल्या मार्व्हलच्या संपादकीय खोलीतला दंडक होता. मग अमेरिकेत कॉमिक्सची स्वतंत्र दुकाने वाढली. त्यांना माल परत करण्याच्या अटीविना, थेट विकला जाऊ लागला. तिथे येणारे गिऱ्हाईक दर आठवड्याला येणारे, सगळे विकत घेणारे. 1983 मध्ये न्यू म्यूटंट्स, 1986 मध्ये एक्स-फॅक्टर, 1988 मध्ये वुल्व्हरिन, अशी एकाची चार पुस्तके झाली आणि 1986 पासून एकच कथा या पुस्तकातून त्या पुस्तकात उड्या मारत जाऊ लागली. 1991 मध्ये एक्स-मेन नावाच्या नव्या पुस्तकाच्या पहिल्या अंकाच्या 80 लाखांहून अधिक प्रती दुकानदारांनी उचलल्या. पहिला अंक या दोन शब्दांची किंमत तेव्हा कळली, आणि नंतर ते शब्द वारंवार वापरले गेले. मूळ मालिका, म्हणजे अनकॅनी एक्स-मेन, 2011 मध्ये 544व्या अंकावर थांबवून पुन्हा एकपासून सुरू केले, 2013 मध्ये परत एकपासून, मग 35व्या अंकानंतर 2015 मध्ये एकदम 600वा काढला, आणि 2016 मध्ये पुन्हा एक. इंद्रजालमधला गोंधळ गोष्टींच्या निवडीतला होता, तरी प्रत्येक गोष्टीत शिरायला वाट होती. इथे क्रमांक पुन्हा पुन्हा एकवर येतो, पण मागचे वाचले नसेल तर त्या पहिल्या अंकात शिरता येईलच असे नाही.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो असा की सुट्या गोष्टींत खोली येत नाही. आक्षेप वजनदार आहे. 1980 मध्ये अनकॅनी एक्स-मेनच्या 137व्या अंकात जीन ग्रे मरते तेव्हा वाचकाला चटका बसतो, कारण तिच्याबरोबर तो कित्येक वर्षे चाललेला असतो. क्रमशः कथेचे बळ आपल्यालाही परके नाही. हरिभाऊ आपट्यांची पण लक्षात कोण घेतो करमणूक साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली आणि यमूच्या दुःखाशी वाचक आठवड्यामागून आठवडे बांधला गेला. पण हरिभाऊंची कथा एका साप्ताहिकात, एका लेखकाच्या हातून, एका शेवटाकडे जात होती. जीन ग्रेला 1986 मध्ये परत आणले गेले ते नव्या पुस्तकाची सुरुवात करण्यासाठी. ज्या सलगपणामुळे तिच्या मरणाला किंमत आली, त्याच सलगपणाला तिच्या परतण्याने धक्का दिला. मालिकेला शेवट नसेल आणि लेखक बदलत राहणार असतील, तर क्रमाने मिळवलेली खोली तो क्रम चालवणारेच मोडतात. ज्या भागांत क्लेरमाँटसारखा एक माणूस धागा धरून आहे ते भाग जरूर क्रमाने वाचावेत. संपूर्ण साठ वर्षे क्रमाने वाचण्याची सक्ती मात्र कोणी स्वतःवर करू नये.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. क्रम मोडल्याने आपल्या वाचकाने काही तरी खरोखर गमावले. वेताळ आणि डायना यांचे लग्न मूळ पट्टीत 1977 च्या अखेरीस लागले, 1979 मध्ये किट आणि हेलोईज ही जुळी झाली. लग्नाची गोष्ट वाचून झाल्यावरही इंद्रजालच्या वाचकाला पुढच्या एखाद्या अंकात डायना पुन्हा अविवाहित भेटू शकत होती. हे एक वेळ सोडून देऊ. त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. जंगलातल्या काळ्या लोकांना सांभाळणारा गोरा पुरुष, हे वेताळाचे मूळ चित्र वसाहतीच्या काळातले आहे, आणि फॉकने ते काळाबरोबर बदलत नेले. साठच्या दशकात त्याच्या देशाला डॉ. लमांडा लुआगा हा काळा, निवडून आलेला अध्यक्ष मिळाला. मँड्रेकचा साथी लोथार तीसच्या दशकात बिबळ्याचे कातडे पांघरून मोडके बोलणारा सेवक होता. 1965 मध्ये फ्रेड फ्रेडरिक्सने चित्रे हाती घेतल्यावर तो नीट कपड्यांतला, नीट बोलणारा मित्र झाला. हा बदल, एका लेखकाचे इतक्या वर्षांत सुधारत जाणे, क्रम लावल्याशिवाय दिसत नाही. जुन्या आणि नव्या गोष्टी एकाच गठ्ठ्यात वाचणाऱ्या मुलाच्या मनात जुनी प्रतिमा नव्याइतकीच ताजी राहिली असणार. हे मान्य करायलाच हवे. म्हणूनच वाचक आणि अभ्यासक यांचे काम वेगळे धरावे लागते. आनंदासाठी वाचणाऱ्याला उघडे दार पुरते. काळाचा न्याय करायचा असेल त्याला तारखा लागतात.

तिसरा आक्षेप असा की वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन हे एकेकटे नायक, त्यांची चमूशी तुलना कशी करता? यांचाही चमू झाला होता, हे याचे उत्तर. 1986 मध्ये अमेरिकेत डिफेंडर्स ऑफ द अर्थ ही दूरचित्रवाणी मालिका आली. तीत फ्लॅश गॉर्डन, फँटम, मँड्रेक आणि लोथार आपापल्या मुलांसह एकत्र लढतात. पुढच्या वर्षी मार्व्हलच्या स्टार कॉमिक्सने त्याचे चार अंक काढले आणि ते तिथेच थांबले. आपल्याकडे हे नायक वीस वर्षांपासून एकाच क्रमांकाच्या माळेत, पेपरवाल्याच्या एकाच दोरीवर चिमट्यांनी लटकत होते. एकमेकांना भेटल्याशिवायही ते वाचकाच्या डोक्यात एका कुटुंबाचे झाले होते. त्यांना एका कथेत कोंबण्याची गरज इंद्रजालला पडली नाही.

नेऱ्याच्या दिशेने आता नवीन पनवेलच्या इमारती सरकत आल्या आहेत. पेपरच्या गठ्ठ्याची वाट पाहावी लागत नाही, एक्स-मेनचे साठ वर्षांचे अंक फोनवर एका जागी मिळू शकतात. वाचकाची अडचण आता अंक न मिळण्याची उरलेली नाही, सगळे एकदम समोर येण्याची आहे. त्याला मी सांगेन की 1975 चा नवा चमू जिथे येतो तिथून घ्यावे, किंवा 2019 मध्ये हाउस ऑफ एक्सने जिथे नवी मांडणी केली तिथून. आवडला तो धागा धरावा, तो संपला की पुस्तक खुशाल मिटावे. आणि इंद्रजाल वाचलेली माणसे आज उलटे काम करत आहेत. लहानपणी जो क्रम त्यांना लागला नाही तो ती आता लावत आहेत. इंद्रजालचा क्रमांक, गोष्टीचे मूळ नाव, मूळ पट्टीची तारीख, दैनिक की रविवारची, किती चौकटी गाळल्या, अशा याद्या रसिकांनी वर्षानुवर्षे खपून केल्या आहेत. रद्दीतून मिळालेला एकेक बिनकव्हरचा अंक चौकट चौकट जुळवून त्याच्या ओळीत बसवला जातो. त्या याद्यांत 122च्या ओळीनंतर पुढची भरलेली ओळ 125ची असते.